सिनेमात जायचंय. नागपूर आत्ता सोडू की थांबू?

नंदनवन_२२

नमस्कार. बरेच दिवस इथं नुसती वाचत होते, आज लिहून राहिले.

वय २२, घर नंदनवनात. बी.कॉम. झालं आणि सध्या सीताबर्डीवर एका सीएच्या ऑफिसात जीएसटीचे रिटर्न भरते. बाबा इतवारीत कापडाच्या दुकानात हिशेबाला आहेत, आई घरी ब्लाउज शिवते, धाकटा भाऊ बारावीला आहे. ऑफिस सुटलं की तालमीला जाते. कॉलेजात एकांकिका केल्या, नंतर राज्य नाट्य स्पर्धेत नागपूर केंद्रावरच्या नाटकांत काम केलं. एका नाटकासाठी अभिनयाचं प्रमाणपत्र मिळालं, ते आईनं देवघराच्या भिंतीवर लावलंय.

स्पष्टच सांगते, मला नुसती आवड जपायची नाही. मोठ्या पडद्यावर मोठी भूमिका करायची आहे, आणि लोकांनी मला नावानं ओळखावं असंही वाटतं. घरी हा विषय काढला की आई शिलाई मशीन सुरू करते आणि बाबा म्हणतात, "आपल्या घरची पोरगी तिथं टिकून राहील काय?" ते रागावत नाहीत, खरंच विचारतात. माझ्याकडे त्याचं उत्तर नसतं.

'झुंड'चं शूटिंग नागपुरात झालं तेव्हा मी शाळेत होते. पुढे २०२२ ला सिनेमा थिएटरात पाहिला आणि अमिताभ बच्चनसोबत आपल्याच शहरातली पोरं, आपल्याच बोलीत बोलताना दिसली. तेव्हापासून डोक्यातून जातच नाही.

आता खरा पेच. अंधेरीतल्या एका माणसाचा फोन आला. माझी एक रील पाहिली म्हणाला. स्वतःला कोऑर्डिनेटर म्हणवतो. पोर्टफोलिओ आणि 'आर्टिस्ट कार्ड' यांचे मिळून ३५,००० रुपये भरा, वेब सिरीजमध्ये रोल पक्का, असं त्याचं म्हणणं. मीटिंगला त्याच्या फ्लॅटवर यायचं, सोबत कोणी नको. पैसे माझ्या बचतीत आहेत. मन एकीकडे नाही म्हणतं आणि एकीकडे वाटतं की संधी गेली तर?

मला विचारायचंय ते असं. पैसे भरू का? आत्ता जाऊ की आधी काही शिकू? बाबांशी कसं बोलू? आणि आपल्यासारख्या घरातून वर गेलेल्या कोणत्या अभिनेत्रीची वाट नीट बघू? कृपा करून 'नाद सोड' असं कोणी लिहू नका, ते घरी रोज ऐकते.

सदरवाला

ताई, पैसे अजिबात भरू नका. माझ्या मामेबहिणीला असाच फोन आला होता. आधी पोर्टफोलिओचे घेतले, मग वर्कशॉपचे, मग 'कॉश्च्युमचं डिपॉझिट', आणि शेवटी नंबर बंद. तुमचे अजून गेले नाहीत हे बरं आहे. कोणाचे गेले असतील तर सायबर फसवणुकीसाठी १९३० हा नंबर आहे, लगेच फोन करावा. उशीर झाला की पैसे पुढच्या पुढच्या खात्यांत जातात आणि अडवता येत नाहीत. त्या माणसाचे मेसेज पुसू नका, स्क्रीनशॉट ठेवा.

हेअरवाली_मावशी

बेटा, पैशाचं वर सांगितलंय ते शंभर टक्के बरोबर. मी एवढंच जोडते की खऱ्या कास्टिंगवाल्याला त्याचे पैसे प्रॉडक्शन देतं, तो नटीकडून घेत नाही. आणि मीटिंग फ्लॅटवर नसते. वर्सोव्याला आराम नगर आहे, तिथं कधी गेलीस तर बघ. बैठ्या जुन्या बंगल्यांत ऑफिसं, दाराबाहेर पोरापोरींची रांग, आत नाव-नंबर लिहायला वही, मग एक कॅमेरा आणि मागं रिकामी भिंत. सगळं दिवसाउजेडी, चार लोकांसमोर. 'सोबत कोणी नको' म्हणणाऱ्याकडे काम नसतं. तो नंबर आजच ब्लॉक कर.

आता मी कोण ते सांगते, म्हणजे माझं किती ऐकायचं ते तुझं तुला ठरवता येईल. मी महालातली. लग्न होऊन मुंबईला गेले आणि सिनेमा-मालिकांच्या सेटवर हेअरड्रेसर झाले. अर्धं आयुष्य त्यात गेलं. आता नागपुरात परत आले, लेकाकडे असते. पहाटे हिरॉइन खुर्चीत येऊन बसते तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काही लावलेलं नसतं आणि आजूबाजूला कोणी नसतं. त्या वेळी पोरी मनातलं बोलतात. घराचा हप्ता, आईचं आजारपण, काल कापलेला सीन. टीव्हीवरच्या मुलाखतीत जे येत नाही ते मी त्यांचे केस विंचरताना ऐकलंय.

तू लिहिलंस की लोकांनी नावानं ओळखावं असं वाटतं. मला हे वाक्य फार आवडलं. मुली हे बोलायला घाबरतात. 'मला फक्त कलेची सेवा करायची आहे' म्हणतात, आणि मग दुसऱ्या कोणी जाहिरात मिळवली की रात्रभर रडतात. इच्छा मोठी असणं यात लाजण्यासारखं काही नाही. ती स्वतःशी कबूल असली की माणूस तयारीही तेवढीच मोठी करतो.

पण तू येतेयस त्या धंद्यात बाईनं काय करायचं आणि काय नाही, हे बरंचसं आधीच कोणीतरी ठरवून ठेवलेलं असतं. माझंच बघ. मी हिरॉइनचे केस करायचे, पण तिच्या गालाला ब्रश लावायची मला परवानगी नव्हती. मेकअप पुरुषानं करायचा, बाईनं केस करायचे, असा संघटनेचा नियम. मला मेकअप येत नव्हता असं नाही, चांगला यायचा. मेकअपदादा चहाला गेला की हिरॉइन स्वतः म्हणायची, मावशी, जरा हे नीट कर नं. मी दार लावून करायचे. हा नियम मोडला तो सुप्रीम कोर्टानं, १० नोव्हेंबर २०१४ ला. चारू खुराना नावाची शिकलेली मेकअप आर्टिस्ट, तिला संघटनेचं कार्ड नाकारलं म्हणून ती कोर्टात गेली. तारीख मला पाठ आहे. त्या रात्री आमच्या ग्रुपवर बायका नुसत्या रडत होत्या.

आता वर कोण जातं ते सांगते. सुंदर मुली मी ढिगानं पाहिल्या. त्यातल्या बहुतेक वर्ष-दोन वर्षांत दिसेनाशा झाल्या. ज्या टिकल्या त्यांच्यात एक गोष्ट सारखी होती, आणि ती बाहेरून दिसत नाही म्हणून नीट लिहिते.

एका मालिकेत एक पोरगी होती, हिरॉइनच्या मैत्रिणीच्या रोलला. मैत्रीण म्हणजे काय, मागं उभं राहायचं, चहाचा ट्रे आणायचा, 'अगं पण' एवढं म्हणायचं. पहिल्याच आठवड्यात ती मला विचारते, "मावशी, मागच्या शॉटमध्ये ही बट कानामागं होती की पुढं?" मी फोटो पाहिला. तिचंच बरोबर होतं, कानामागं. मग मी तिच्याकडे लक्ष द्यायला लागले. एक सीन असायचा, तो आधी वाइड, म्हणजे सगळे दिसतील असा लांबून घ्यायचे, मग हिरोवर, मग हिरॉइनवर, सगळ्यात शेवटी तिच्यावर. संध्याकाळ झालेली असायची, सगळे कंटाळलेले. पण ती प्रत्येक वेळी कप उजव्या हातानं उचलायची आणि त्याच शब्दावर उचलायची. 'बाबांनी' म्हणताना हात पुढं, 'सांगितलंय' म्हणताना कप ओठाजवळ. सकाळच्या वाइडमध्येही तेच, रात्रीच्या क्लोजअपमध्येही तेच. आणि डोळ्यांतला भाव मात्र दर वेळी ताजा.

याचा उपयोग काय? पुढं एडिटर बसतो तेव्हा त्याला दोन शॉट जोडायचे असतात. एकात कप हातात आणि दुसऱ्यात टेबलावर असेल तर जोड बसत नाही, मग तो त्या नटीचा शॉट टाकून देतो आणि दुसऱ्याचा चेहरा वापरतो. हिचा प्रत्येक शॉट जुळायचा, म्हणून पडद्यावर तिचा चेहरा राहायला लागला. लोकांना ती दिसायला लागली. लेखकानं तिला आधी दोन वाक्यं जास्त दिली, मग तिची वेगळी गोष्ट चालेल असा एक ट्रॅक दिला. आज तिला तू ओळखतेस, पण नाव लिहीत नाही. माझ्या खुर्चीत बसून कोणी जे बोललं ते तिथंच राहिलेलं बरं.

तू स्टेजवरची आहेस. स्टेजवर आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायची सवय असते, पल्ला मोठा असतो. कॅमेऱ्यापुढं भुवई जरा जास्त उचलली तरी ओव्हर दिसतं. घरी मोबाईल लावून एकच उतारा वेगवेगळ्या दिवशी कर आणि जोडून बघ. हात त्याच शब्दावर येतो का? मान तिकडेच वळते का? हे नागपुरात बसून फुकट शिकता येतं.

मग पैशाचं. मालिकांमध्ये केलेल्या कामाचं पेमेंट नव्वद दिवसांनी येतं. म्हणजे मुंबईत उतरल्या उतरल्या तुला काम मिळालं असं धरलं, तरी पहिले चार महिने खोलीभाडं, डिपॉझिट, जेवण, रिक्षा, सगळं तुझ्या खिशातून. त्यातून मधल्या माणसाचं कमिशन जातं. चांगल्या चांगल्या पोरी अभिनय कमी पडला म्हणून परत गेलेल्या नाहीत, भाडं थकलं म्हणून गेल्या. एकीनं सामान बांधलं आणि ती गावी पोचल्यावर दुसऱ्याच आठवड्यात तिला ज्या सिनेमासाठी बोलावलं, तो मी स्वतः केला, दुसऱ्या मुलीचे केस करत. ती मुलगीही चांगली होती. पण मला त्या शूटिंगभर पहिलीच आठवत होती.

म्हणून सांगते, तुझं जीएसटीचं काम सोडू नको. तुला वाटत असेल की ते सिनेमाच्या आड येतं. उलट आहे. लॅपटॉपवर होणारं, महिन्याच्या ठरल्या तारखांना येणारं काम हातात असलेली पोरगी मी तिथं फार कमी पाहिली. बहुतेक जणी हॉटेलात होस्टेस, नाहीतर इव्हेंटमध्ये उभ्या. तिथं रात्र जाते आणि सकाळच्या ऑडिशनला डोळे सुजलेले. उषा जाधवचं नाव तू ऐकलं असशील. कोल्हापूरची. आधी ट्रॅव्हल कंपनीत नोकरी केली, बारीकसारीक भूमिका केल्या, केबीसीच्या जाहिरातीत दिसली. आणि 'धग'मध्ये स्मशानात काम करणाऱ्या घरातली आई अशी केली की २०१२ सालच्या सिनेमांसाठी उत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार तिला मिळाला. तो सिनेमा बघ. तिच्या बसण्यातच त्या बाईचं सगळं आयुष्य दिसतं.

सुरक्षिततेचंही बोलून टाकते. केरळात सिनेमातल्या बायकांच्या परिस्थितीवरचा हेमा समितीचा अहवाल १९ ऑगस्ट २०२४ ला बाहेर आला तेव्हा बातम्यांत वेगळ्याच गोष्टी गाजल्या. मला त्यातली एक साधी ओळ लागली. सेटवर बायकांना संडास नाही, कपडे बदलायला जागा नाही. मोठ्या हिरॉइनला व्हॅन असते. छोट्या रोलच्या पोरींना आउटडोअरला आम्ही चौघी साड्या धरून आडोसा केलाय, पुरुषांकडे पाठ करून. पोरी दिवसभर पाणी प्यायच्या नाहीत. तू काम घेशील तेव्हा पहिल्या दिवशी हे विचार. कपडे कुठं बदलायचे, रात्री घरी कोण सोडणार. विचारलं म्हणून कोणी रोल काढून घेतला तर तो रोल गेलेला बरा. जिथं दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथं तक्रार समिती असलीच पाहिजे, हा २०१३ चा कायदा आहे आणि तो सेटलाही लागू आहे. समितीत कोण आहे ते विचारायला घाबरू नको.

राहिले बाबा. त्यांना कलेबद्दल समजवायला जाऊ नको. ते हिशेबाचे आहेत, त्यांच्यासमोर हिशेब ठेव. भाडं इतकं, जेवण इतकं, रिटर्नच्या कामाचे येणारे इतके, शिल्लक इतकी, आणि पेमेंट नव्वद दिवसांच्या उधारीवर. इतवारीतल्या माणसाला उधारी कळते. ते तुला असे प्रश्न विचारतील जे मुंबईतल्या पोरींना कोणी विचारत नाही, आणि पुढं करार वाचताना तेच प्रश्न तुझ्या कामी येतील. पहिल्या ऑडिशनला त्यांना सोबत ने. बाहेर बाकावर बसू दे. माझ्या पाहण्यात कितीतरी बाप असे बसलेले असायचे, आणि कास्टिंगवाल्यांना त्याचं काही वाटत नाही.

जुनी_पुस्तकं_महाल

मावशींनी आतलं सांगितलं, ते मला सांगता येणार नाही. मी वाचणारा माणूस. पण तुमचा प्रश्न वाचून उठून कपाटच उघडलं, कारण नेमका हाच प्रश्न शांता आपट्यांनी १९४० साली आपल्या पुस्तकाचं नाव म्हणून छापला होता : 'जाऊ मी सिनेमात?'

तेव्हा त्या साध्यासुध्या नटी नव्हत्या. 'अमृतमंथन' (१९३४) आणि 'कुंकू' (१९३७) होऊन गेले होते, गाणी लोकांच्या तोंडी होती. 'कुंकू'तली नीरा आठवा, म्हाताऱ्या नवऱ्याशी लावलेलं लग्न न मानणारी. आणि अशी गाजलेली बाई १९३९ साली पुण्यात प्रभात फिल्म कंपनीच्या फाटकाशी उपोषणाला बसली, पगाराच्या वादातून. ज्या कंपनीच्या सिनेमांनी तिला देशभर पोचवलं, त्याच कंपनीच्या दारात. वर मावशींनी नव्वद दिवसांचं लिहिलंय ना, ते वाचताना मला हेच डोळ्यांपुढं आलं. नाव झालं म्हणजे पैसा हातात आला असं तेव्हाही नव्हतं. त्यामुळे माझं पहिलं सांगणं, करार मराठीत समजून घेतल्याशिवाय सही करू नका. तुम्ही सीएच्या ऑफिसात आहात, हे तुम्हाला जड जायचं नाही.

कोणाची वाट बघावी, असं विचारलंत. आपल्याकडे बायका सिनेमात आल्या त्याच मुळी किती अडखळत. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'साठी फाळक्यांना तारामती करायला बाई मिळाली नाही, हॉटेलात काम करणाऱ्या साळुंक्यांनी ती केली. त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची लेक कमला उभ्या राहिल्या. आणि १९३२ च्या 'अयोध्येचा राजा'त तारामती कोण? दुर्गा खोटे, मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये शिकलेल्या, प्रतिष्ठित घरातल्या. एकोणीस वर्षांत तीच भूमिका स्वयंपाकघरातल्या पुरुषाकडून अशा बाईकडे आली. पण त्या हौसेनं आल्या नव्हत्या. सासरची आर्थिक घडी मोडली होती, पदरी दोन मुलगे होते, शिकवण्या करून पाहिल्या होत्या. समाजानं पुष्कळ ऐकवलं. पुढं १९८३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला, तोवर ऐकवणारे कोण होते हेही लोक विसरले होते.

स्मिता पाटील मुंबई दूरदर्शनवर बातम्या वाचायच्या. श्याम बेनेगलांचं लक्ष गेलं आणि १९७५ ला पहिला सिनेमा झाला. 'भूमिका' १९७७ चा, हंसा वाडकरांच्या आत्मकथनावर बेतलेला, त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार. दोन वर्षांत कुठून कुठं! पण त्यांच्या घरी वडील राजकारणात, आई समाजकार्यात, पाठीशी उभं राहणारं घर. हंसा वाडकरांच्या वाट्याला ते आलं नाही, त्या पोरवयातच कमवायला लागल्या होत्या. एका बाईचं जगणं दुसरीनं पडद्यावर आणलं, आणि दोघींच्या मागच्या घरांत एवढं अंतर. हा सिनेमा तुम्ही बाबांसोबत बघावा असं मला मनापासून वाटतं.

रिंकू राजगुरूची वाट अभ्यासून सापडायची नाही. अकलूजची शाळकरी पोर, 'सैराट' २९ एप्रिल २०१६ ला लागला आणि तिला घराबाहेर पडणं मुश्कील झालं. तिचं काम अस्सल आहे, पण तसा दिग्दर्शक गावात येणं आपल्या हाती नसतं. त्यापेक्षा मृणाल ठाकूर बघा. जन्म धुळ्याचा. मालिका केली, मराठी सिनेमा केला, हिंदीत आली, आणि सगळ्यात मोठं नाव झालं २०२२ च्या 'सीता रामम्' या तेलुगू सिनेमानं. आपली नसलेली भाषा तोंडात बसवून. त्यात पायरी न् पायरी दिसते.

वडसा_लाइनवाला

बहीण, मी झाडीपट्टीतला, म्हनजे विदर्भाच्या पूर्वेकडच्या धानाच्या पट्ट्यातला कलाकार. मुंबई मी काही पायली नाही, त्यामुळे तिकडचं बोलत नाही. पण तू 'आधी काही शिकू का' म्हनून विचारलं, तं सांगतो.

दिवाळी झाली, धान निंगाले, की आमच्याकडे मंडई म्हनजे जत्रा न् शंकरपट म्हनजे बैलांच्या शर्यती सुरू होते. वडशात नाटक कंपन्यांचे हापिस हायेत, तिथून भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या गावोगावी नाटक जाते, थेट होळीपावतर. रात्री जेवनं झाल्यावर पडदा उघडते न् पहाटे पडते. समोर आख्खा गाव, आजूबाजूच्या गावचे बी, शालीत गुंडाळून बसलेले. रीटेक नाही. माईक वरून लटकते, त्याच्याखाली आपल्याला बराबर जागेवर यावं लागते, नाही तं मागच्याले आयकू येत नाही. गाणं बी आपलंच, ऑर्गन-तबल्यावर. दुसऱ्या दिवशी दुसरं गाव, दुसरं नाटक. नागपूरच्या पोरी सीझनले येतात, दर प्रयोगाचे पैसे भेटतात, ते बी हातात.

लोक याले हलकं समजत होते. २०२३ ले परशुराम खुणे यांले पद्मश्री भेटली, तवापासून जरा इकडं पाहून राहिले. मी तुले सांगतो, ज्या पोरीनं थंडीत पहाटे चार वाजता रडायचा सीन करून गाव रडवला, तिले कॅमेऱ्याची भीती वाटनार नाही. आईले संगं घेऊन ये, आमच्या कंपनीत कलाकारांच्या माया येतात, राहतात.

नंदनवन_२२

सगळ्यांचे मनापासून आभार. नंबर ब्लॉक केला, मेसेज जपून ठेवलेत.

मावशींची पोस्ट बाबांना मोबाईलवर वाचायला दिली. पूर्ण वाचली. मग विचारलं, "नव्वद दिवस कामाच्या तारखेपासून की बिलाच्या?" मला सांगता आलं नाही. मग स्वतःच वही काढून बसले. आई मशीनवरून उठून आली आणि म्हणाली, त्या साड्या धरणाऱ्या बाईंना विचार, पोरी जेवतात कुठं. मला वाटतं हे होकारच आहेत, आमच्या घरी होकार असेच येतात.

वर्षअखेरचं काम वगैरे बघता सध्या नोकरी सुरू ठेवते. महिन्याच्या ११ ला जीएसटीआर-१ आणि २० ला ३बी, या तारखा सांभाळल्या तर मधले दिवस मोकळे काढता येतात असं सरांनी मान्य केलंय. वडशाच्या दादा, दिवाळीनंतर एक-दोन प्रयोगांपुरतं जमेल का, मेसेज करते. एफटीआयआय (पुण्याची फिल्म संस्था), एनएसडी (दिल्लीची राष्ट्रीय नाट्यशाळा) किंवा मुंबई विद्यापीठाच्या नाट्यवर्गाचं काय वाटतं, मावशी? आणि मला सेल्फ टेप, म्हणजे घरी स्वतःच शूट करून पाठवायची ऑडिशन, कधी करता आलेला नाही, तो कसा करतात?

हेअरवाली_मावशी

बाबांना सांग, बहुतेक ठिकाणी नव्वद दिवस बिल लावल्यापासून धरतात, म्हणून बिल त्याच महिन्यात लावायचं आणि पोच घ्यायची. करारात काय लिहिलंय ते मात्र आधी बघायचं. आणि आईला सांग, जेवण सेटवर असतं, सगळ्यांना एकच. लवकर जाऊन बसायचं, नाहीतर भाजी संपते.

शिकण्याचं. पदवी आहे, आणि एनएसडीला पदवीसोबत नाटकांतल्या कामाचा अनुभव लागतो तोही तुझ्याकडे आहे, तेव्हा अटी नीट वाचून अर्ज कर. एनएसडीत तीन वर्षं, विद्यावेतन मिळतं, घरावर भार येत नाही. एफटीआयआयला कॅमेऱ्यापुढचा अभिनय शिकवतात. प्रवेशपरीक्षा दे, जिथं लागेल तिथं जा. नाही लागलं तर वर लिहिलंय तसं. दोन्हींची तयारी एकाच वेळी करता येते, उतारे तेच पाठ करायचे असतात.

सेल्फ टेप असा कर. मागं साधी भिंत, अंगात एकरंगी कपडा, पांढरा नको. उजेड समोरून, खिडकीकडे तोंड करून उभी राहा. दुपारचं ऊन थेट नको, सकाळी कर. मोबाईल डोळ्यांच्या उंचीवर, आडवा. आधी इंट्रो, म्हणजे नाव, वय, उंची, शहर, कोणत्या भाषा येतात. मग उजवी बाजू, डावी बाजू, दोन्ही हात पुढं करून मागून-पुढून दाखवायचे. केस चेहऱ्यावर नकोत, पण चापूनचोपूनही नकोत, तुझे आहेत तसे सोड. मग सीन. समोरच्याची वाक्यं भावाला वाचायला सांग, त्याला मोबाईलच्या अगदी शेजारी उभं कर, म्हणजे तुझी नजर तिथंच राहील. तो मोबाईलच्या जवळ असल्यानं त्याचा आवाज मोठा येतो, त्याला हळू वाचू दे.

पहिला झाला की मला पाठव. बट कुठं होती ते मी बघीन.